घरात तिला लक्ष्मी म्हणायचं

हरभऱ्याचे डहाळे बाजारात आले की मला अजूनही दार उघडण्याआधी खिडकीतून पाहावंसं वाटतं. "छोड लो, हरे छोड" अशी हाळी देत गाडीवाला आळीत शिरतो. ओल्या काळ्या मातीचा आणि पाल्याचा वास त्याच्या आधी आत येतो, आणि मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. डहाळे घ्यायचे असतात हे खरं. पण गाडीवाल्याच्या मागे कोणी खाकी कपड्यांतला माणूस तर उभा नाही ना, हे आधी पाहून घेते. इतक्या वर्षांत तो परत आलेला नाही. तरी पाहते.

हा संशय मला नानांकडून मिळाला. आमचे वडील, नाना, देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात जामदारखान्यावर होते. दागिन्यांच्या आणि भरजरी वस्त्रांच्या पेट्यांवरची मोहर शाबूत आहे की नाही हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून पाहत, आणि चार पावलं जाऊन पुन्हा मागे येऊन ओढत. घरातही तेच. दूधवाल्याच्या मापात बोट, वाण्याच्या तागडीखाली नजर. एकदा आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, कुसुमताईच्या नवऱ्याने, धारहून येताना त्यांच्यासाठी बाग गावच्या छापाची चादर आणली. नानांनी ती उलगडली, छान आहे म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत बोट ओलं करून लाल फुलावर घासून पाहिलं. रंग सुटला नाही. दाजी हसले, पण ताईचं तोंड उतरलं होतं.

मी सांगते तो हिवाळा संस्थानं विलीन झाली त्यानंतरचा दुसरा की तिसरा. विलीन होण्याआधी देवासला सगळंच दोन होतं. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि मधून जाणारा एक रस्ता. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. आमचं घर थोरल्या पातीत आणि गोड्या पाण्याची विहीर धाकट्या पातीत, म्हणजे आम्ही रोज परराज्यातून पाणी आणत होतो. टेकडीवर देव्याही दोन. याचं कुणाला नवल वाटत नसे. मग एके दिवशी दोन्ही राज्यं गेली, सगळं गाव एकच झालं, आणि मध्यभारत नावाचं एकच सरकार आलं, जे स्वतः मात्र उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहायचं. "वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवतं ते सरकार," नाना म्हणत, "त्याचे कागद वाटेत कुठे पडतात, देव जाणे."

धारलाही तेच झालं होतं. दाजी धारच्या दरबारी मोटारखान्यात मिस्त्री होते. दरबार गेला तशा मोटारी गेल्या, काही विकल्या, काहींवर ताडपत्री पडली. दाजींच्या हाताला काम उरलं नाही. धारच्या बाजारातल्या अब्बासभाई बोहऱ्याचा चुलतभाऊ आफ्रिकेत मोंबासाला होता, त्याचा मोटार दुरुस्तीचा कारखाना होता. त्याला हुन्नरी माणूस हवा होता. अब्बासभाईने दाजींना बोलावून सांगितलं, "मिस्त्री, वां जाओ तो आदमी बन जाओगे. यां तो जंग लगेगा." दाजींनी ते मनावर घेतलं. आणि ताईनेही.

ताईला जायचं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या हिवाळ्यात सगळ्यांनी सगळं विचारलं, पण हे कुणी तिला विचारलं नाही. जायचं ठरेपर्यंत ती माहेरीच राहायला आली होती, आणि माडीवर उन्हात बसून आम्ही दोघी डहाळे सोलत होतो. हरभऱ्याची आंब बोटांना लागून चरचरत होती. ती म्हणाली, "मालू, मला समुद्र पाहायचाय. आणि मला यांच्याबरोबर राहायचंय. ते पुढे जातील आणि मी मागून, असं नको. मागून जाणाऱ्या किती पोचतात, कोण जाणे." मग तिने एक घाटा फोडून आतला हिरवा दाणा माझ्या तोंडात टाकला. मला वाटलं, ही गेली तर मी डहाळे कुणाबरोबर सोलणार.

पण जायचं म्हणजे काय, तर नियम. दाजी दर पंधरवड्याला धारहून मोटारीने इंदूर, इंदूरहून देवास असे येत आणि पायातला बूट काढण्याआधी सांगत, "नाना, नियम बदल गया." कधी तिकडच्या सरकारचा, कधी इकडच्या. हुन्नरी कारागिरांच्या यादीत मोटार मिस्त्री आधी होता. मग निघाला. मग नुसता मिस्त्री नको, इंजिन उघडून परत बसवणारा हवा, असं ठरून पुन्हा आत आला. बायको आधी नवऱ्याच्याच पासपोर्टावर चालत होती. मग तिचा वेगळा हवा झाला. फी वाढली, मग अनामत वाढली. फोटो आधी कसाही चालायचा, मग डोक्यावर पदर असलेला नको झाला. आईला तर तो फोटो पाहून रडूच आलं. "पदराशिवाय काय ओळख पटणार आहे मेल्यांना," ती म्हणाली.

नानांना यातलं काही खरं वाटत नव्हतं. दाजी परत गेले की ते आईला म्हणत, "सरकार असं दर पंधरवड्याला नियम बदलत नसतं. दरबारात एक हुकूम निघाला की तो तीन पिढ्या चालायचा. हा माणूस काहीतरी लपवतोय." आईचा संशय वेगळा होता. तिला वाटे, जावयाला एकट्यालाच जायचंय आणि ही सगळी नियमांची नावं सांगून तो कुसुमला मागे ठेवणार. दाजींनाही संशय होता, नानांचाच. ते एकदा ताईला म्हणाले ते मी ऐकलं, "तुझे वडील मुद्दाम वेळ काढतायत. मुलगी समुद्रापार जाऊ नये म्हणून." आणि आम्हा सगळ्यांना मिळून अब्बासभाईचा संशय होता, ज्याचा काही दोष नव्हता. त्या बिचाऱ्याने दोन वेळा आपल्या खर्चाने मोंबासाला तार केली होती.

एका सकाळी नानांनी उपरणं घेतलं, बागची चादर खांद्यावर टाकली आणि ते कुणाला न सांगता इंदूरला गेले. दिवेलागणीला परत आले. हातपाय धुऊन बसले, चहा घेतला, आणि मग म्हणाले, "खरं आहे." कचेरीच्या भिंतीवर सूचनेचा कागद होता. त्याच्यावर दुसरा कागद चिकटवलेला. नानांनी अर्थातच बोट लावून पाहिलं होतं. "खळ अजून ओली होती," ते म्हणाले. "मी उभा असतानाच शिपाई तिसरा कागद घेऊन आला." आयुष्यभर मोहरांवर भरवसा ठेवलेला माणूस. त्यांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतं.

त्या दिवसापासून नाना दाजींवर चिडेनासे झाले. उलट तेच विचारत, "जावईबापू, आज काय बदललं?" पण संशय कुठे जातो? तो दाजींवरून उठला आणि साऱ्या जगावर जाऊन बसला.

आणि मग ते नावाचं निघालं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे? तबकात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि त्या घटकेपासून ती सासरी त्या नावाची. माहेरी मात्र जुनंच. माझी आई सासरी राधा आणि तिच्या माहेरी, उज्जैनला, अजून चंपू. कुसुमताई धारला लक्ष्मी झाली. आमच्या घरी ती कुसुमच राहिली, माहेर असतं ते त्यासाठीच. दाजींनी पासपोर्टाच्या फारमावर लक्ष्मी लिहिलं, त्यांच्या घरात तिचं तेच नाव होतं. जन्म कुठला, तर देवास. मग पोलिसांची चौकशी देवासला आली.

तो शिपाई भिंड की मुरैन्याकडचा होता, नव्याने बदलून आलेला. त्याने आमच्या दारी येण्याआधी शेजारच्या रामकुंवरकाकीला विचारलं, या घरात जन्मलेली लक्ष्मीबाई कोण? काकी खरं बोलली. "इना नाम की तो कोई छोरी यां नी हे भिया. कुसुम हे, ने छोटी मालती हे." शिपायाने तेवढं लिहून घेतलं आणि तो तसाच परत गेला. आम्ही घरात शेंगोळ्या खात होतो. या नावाची बाई या पत्त्यावर कधी नव्हती, असा शेरा वर गेला, आणि दाजींना इंदूरला कळला. ते त्या दिवशी आले तेव्हा पहिल्यांदाच बूट न काढता खाली बसले. परवान्याला मुदत होती. ती टळली तर नवा नियम, नवी फी, आणि ताईची जागा गेली.

नाना पुन्हा इंदूरला गेले, सगळं समजावून सांगायला. तिथला बाबू लांबच्या मुलखातला होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "शादी में औरत का नाम बदल दिया? फिर आदमी का भी बदला होगा?" आणि शेजारचे दोघे हसले. मागच्या महिन्यापर्यंत बापाने शपथेवर सांगितलेलं चालत होतं म्हणे, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून. आता ते बंद. आता एक आदमी, एक नाम. दुसरी चौकशी होईल, त्यात निघालं की ही लक्ष्मी नाही, तर जाणं विसरा. नाना घरी आले आणि म्हणाले, "या गावात रस्त्याच्या एका बाजूला एक राज्य होतं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. कुणी कधी विचारलं नाही की खरं कोणतं." मग बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. कातरून झाल्यावर आम्हाला सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून घरात तिला लक्ष्मी म्हणायचं. कुसुम हे नाव कुणाच्या तोंडून निघता कामा नये. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर दाराला पोलीस आहे."

नाना मग आळीतल्या घरोघरी गेले. जामदारखान्याचा माणूस, कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्यांनी. रामकुंवरकाकी ओशाळली होती, ती तर म्हणाली, "भाभीसाब की कसम, अब तो म्हारा मुंडा से निकले तो लछमी ज निकले."

पहिले काही दिवस ताई हाकेला ओ देत नसे. नाना ओसरीवरून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात "लक्ष्मी" म्हणत, आणि ताई दचकून मागे पाही, आपल्या सासूबाई आल्या की काय म्हणून. पदर सावरे. माहेरी आल्यावर मुलगी पदर खांद्यावर टाकते, मोकळी चालते. त्या नावाने तिचं ते मोकळं चालणं गेलं. ती आमच्या घरात सुनेसारखी वावरू लागली, आणि ते पाहून मला फार राग यायचा, कुणाचा ते ठरवता यायचं नाही. मला ताई म्हणायची मुभा होती, माझं निभावलं. आईला ते जमेना. लक्ष्मी म्हणायला तिची जीभ वळत नव्हती आणि कुसुम म्हणायची बंदी. ती मग नुसतं "अगं" म्हणू लागली. "अगं, पाणी आण." "अगं, जेवायला चल." त्या हिवाळ्यात आईने आपल्या थोरल्या मुलीला नावच ठेवलं नाही.

आळीत डहाळ्यांचे ढीग उतरत होते. संध्याकाळी पोरं अंगणात होळे भाजत, हरभऱ्याच्या जळक्या सालांचा वास येई, बाजारात गराडूचे कंद तळले जात आणि त्यावर मसाला आणि लिंबू. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चविष्ट हिवाळा असायला हवा होता. त्याऐवजी मला आठवतं ते एवढंच की दारावर कडी वाजली की आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचो, आणि नाना उठून खिडकीशी जायचे.

शिपाई आला तो भर दुपारी. या वेळी आळी तयारीत होती, जरा जास्तच. त्याने तोंड उघडायच्या आत रामकुंवरकाकी म्हणाली, "लछमी ज हे भिया, जनम से लछमी." समोरचा शिंपी म्हणाला लक्ष्मी. दूधवाला, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं, तोही सायकल थांबवून म्हणाला लक्ष्मी. शिपायाने टोपी काढून डोकं खाजवलं. "पूरी गली एक साथ बोल रही है," तो म्हणाला. "पिछली बार तो कोई कुसुम थी. वो कहाँ गई?" नाना ओसरीवर उभे होते. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलण्याची सोय नव्हती. 

तेवढ्यात ताई धाकट्या पातीतल्या विहिरीवरून येत होती. डोक्यावर हंडा, कडेवर घागर. मी तिच्या मागे लहान कळशी घेऊन. तिने शिपायाला पाहिलं, पदर पुढे ओढला आणि त्याच्या बाजूने सरळ दाराकडे निघाली. तो तिला जाऊ देत होता. आणि मग, ती पायरीशी पोचली तशी, त्याने मागून एकदम हाक मारली, "कुसुम!"

मी वळले. माझं नाव नसून मी वळले. रामकुंवरकाकी वळली, शिंपी वळला. ताई वळली नाही. हंड्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. मी तिच्या पाठीमागे होते म्हणून मला तिची मान दिसत होती, आणि मानेवर ताणलेली शीर. ती एक पायरी चढली, दुसरी चढली आणि आत गेली. शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. "ठीक है बाबूजी," तो म्हणाला, "लक्ष्मी ही है." नानांनी त्याला चहाचं विचारलं. तो थांबला नाही.

स्वयंपाकघरात आईने ती हाक ऐकली होती. चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. ताईने हंडा उतरवला, दूध खाली घेतलं, चूल पुसली.  मला वाटत होतं आता आपण आनंद करायला हवा. कुणी केला नाही.

होळीच्या आधी ती दोघं गेली. मोटारीच्या अड्ड्यावर अब्बासभाई आपल्या घरचा मेवा घेऊन आला होता, आणि नानांनी त्या दिवशी त्याच्या पुडीत बोट घालून पाहिलं नाही.

पुढे माझं लग्न ठरलं ते देवासातच. तांदळाचं तबक पुढे आलं, अंगठी आली, आणि नानांनी तबकावर हात ठेवला. "हिचं नाव तेच राहील," ते म्हणाले. मांडवात कुजबुज झाली. माझ्या चुलतसासूबाईंनी भटजींना विचारलं, "मुलीच्या नावात काही आहे का?" त्यांना अजून वाटतं की काहीतरी होतं. मी मालतीची मालतीच आहे, शाळेत मुलींना हिंदीतून भूगोल शिकवते, आणि आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर लावताना मोंबासा कुठे आहे ते मला पाहावं लागत नाही.

यंदा डहाळे आले आणि ताईही आली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. बरोबर एक मुलगा, एक मुलगी. ताई स्वतः अंगाने भरलेली, थोडी सावळी झालेली. मध्यंतरी मध्यभारतही गेला, आता कचेरी भोपाळला. नानांना नीट दिसत नाही. ते बागची ती चादर पांघरून ओसरीवर बसतात. कितीदा धुतली तरी तिचा रंग तसाच आहे. त्यांनी ताईला पहिलं काय विचारलं असेल? "मुंबईच्या गोदीत काय विचारलं गं नावाचं?"

"काही नाही नाना," ताई म्हणाली. "साहेबानं माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही. शिक्का मारला आणि म्हणाला, आगे चलो."

नानांनी चादर अंगाभोवती ओढून घेतली. "म्हणजे तोपर्यंत तो नियम पुन्हा बदलला असणार," ते म्हणाले.

परवा दुपारी आम्ही दोघी ओसरीवर डहाळे सोलत होतो. बोटांना तीच चरचर. तिची मुलगी घाटे फोडून फटफट वाजवत होती. आत आईने आमटीला फोडणी द्यायला घेतली आणि तिथून हाक मारली, "कुसुम, झाले का गं दाणे?"

किती वर्षांनी ते नाव घरात उच्चारलं गेलं. आईने ते जपून ठेवलं असणार, कुठल्या तरी डब्यात ठेवतात तसं, पोरगी परत आली की काढू म्हणून. आता कुणाचा धाक नव्हता. माझा हात थांबला. नानांनी मान वर केली. ताई दाणे सोलत राहिली.

"कुसुम, अगं कुसुम."

मी तिच्या मानेकडे पाहिलं. शीर वगैरे काही ताणलेली नव्हती. तिने खरंच ऐकलं नव्हतं, म्हणजे ऐकलं होतं, पण ती दुसऱ्या कुणाला मारलेली हाक होती. ती मुलीला सांगत होती, "नीट फोड, दाणा चिरडतेस तू."

आई पातेलं घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिने नानांकडे पाहिलं, पण त्यांना ते दिसलं नसणार. मग ती ताईला म्हणाली, "लक्ष्मी, झाले का गं दाणे?"

"हो आई," ताई लगेच म्हणाली, आणि सूप घेऊन उठली.